रुईच्या दुकानावरची खोली

माझ्या नातीच्या मैत्रिणी घरी आल्या की कधी कधी विचारतात, "आजी, तुम्ही काय काम करायच्या?" मी सांगते, "जाळ्या शिवायची." त्यांना वाटतं, मासे धरायच्या. मग उठून भिंतीवरच्या एसीचं झाकण उघडून दाखवावं लागतं. झाकणामागे बारीक जाळी असते, हवेतली धूळ अडवणारी. फिल्टर म्हणतात तिला. त्या जाळ्या मी वीस-बावीस उन्हाळे शिवल्या. हे काही काम असू शकतं यावर त्या मुलींचा विश्वास बसत नाही. त्यांची चूक नाही. आता जाळ्या कंपनीतूनच येतात आणि फाटल्या की फेकून देतात.

आमच्या वेळचं नागपूर म्हणजे कूलरचं गाव. मार्च संपत आला की घरोघरी पत्र्याचे कूलर बाहेर निघायचे, नवं गवत भरलं जायचं आणि पहिल्या दिवशी साऱ्या गल्लीत ओल्या गवताचा वास पसरायचा. एसी फार थोड्यांकडे. पत्ता सांगताना लोक 'त्या एसीवाल्या बंगल्याच्या बाजूला' असं सांगायचे. असे जे काही एसीवाले होते, त्यातल्या बऱ्याच जणांची मशीन माझे यजमान वसंतराव दुरुस्त करायचे. सीताबर्डीच्या एका गल्लीत त्यांचं छोटंसं दुकान होतं. मी घरी शिलाई मशीनवर बायकांचे पोलके-परकर शिवत होते.

एका मे महिन्यात हे दुपारी जेवायला आले ते हातात काळपट स्पंजाचा चुरा घेऊन. एका गिऱ्हाइकाच्या एसीतला फिल्टर होता. हात लावताच त्याचा भुगा झाला होता. नवा मागवला तर पावसाळ्याआधी येईल याची खात्री नव्हती, आणि फिल्टरविना मशीन चालवली की आतल्या गार नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, धूळ बसून ती बिघडणार. मला म्हणाले, "निर्मला, असं काही शिवून पाहतेस का?" मी मच्छरदाणीचं नायलॉनचं कापड घेतलं, यांनी तारेची चौकट वाकवून दिली, आणि मी तिच्यावर कापड ताणून शिवलं. चाललं ते. त्याच उन्हाळ्यात आणखी मागण्या आल्या. दोन-तीन वर्षांत पोलके मागे पडले.

शिवणं सोपं होतं. कोणतं कापड घ्यायचं, हे अवघड. बाहेरच्याला वाटतं की कापड जितकं दाट तितकी हवा स्वच्छ. आमचे एक वकीलसाहेब होते धरमपेठेत, त्यांनी हाच विचार करून माझ्या जाळीवर आपल्या जुन्या मलमलच्या धोतराची दुहेरी घडी बांधून टाकली. चार दिवसांनी घाईघाईने दुकानात आले. चेहरा असा की लॉटरी लागली असावी.

"वसंतराव, काय मशीन करून दिली गा तुम्ही! बर्फ देऊन राहिली ना ती!"

आम्ही दोघं जाऊन पाहतो तर आतल्या कॉइलवर पांढरा शुभ्र बर्फ. वकिलीणबाईंनी त्यातला थोडा खरवडून पन्ह्यात घालायला वाटीत काढूनही ठेवला होता. बाहेर लू वाहत होती आणि शेजारपाजारचे बर्फ बघायला जमले होते. खोली मात्र तापलेली. एसीला श्वास घ्यायला हवा लागते. जाळी फार दाट झाली की हवा आत जात नाही, गारवा आतल्या आत गोठतो, आणि माणूस बाहेर घामानं भिजत बसतो. जाळी फार विरळ ठेवावी तर धूळ आत जाऊन कॉइलवर चिखल होतो. या दोन टोकांच्या मधली जागा प्रत्येक घरात वेगळी असते. वकीलसाहेबांचं धोतर काढलं तेव्हा ते हळहळलेच. पन्ह्याची वाटी मात्र त्यांनी आम्हाला पाजली. मी बर्फ बाजूला सारून प्यायले.

त्यानंतर मी ठरवलं, खोली पाहिल्याशिवाय कापड कापायचं नाही. यांच्या स्कूटरवर मागे बसून मी घरोघरी जाऊ लागले. तेव्हा एसीच्या कामाला बाई आलेली बघून लोक बिचकायचे, पण त्याचा एक फायदा व्हायचा. पुरुष मिस्त्री दिवाणखान्यातून परत जातो. मला बायका आत न्यायच्या, आणि घरातली धूळ कुठून येते हे आतच कळतं.

जरीपटक्याच्या एका सिंधी भाभींचा फिल्टर दर आठवड्याला पांढऱ्या लगद्यानं भरायचा. हे दोनदा जाऊन आले, काही उमगेना. मी गेले तेव्हा भाभींनी दार लावून घेतलं आणि हळूच सांगितलं, "बहनजी, किसी को बोलना मत. हम तीनों देवरानी-जेठानी दोपहर को इसी कमरे में पापड़ बेलती हैं." बाहेरच्या उष्ण वाऱ्यात लाटता लाटता पापड तडकायचे म्हणून या तिघी जावांनी घरच्या मालकाची एसीची खोली गाठली होती. मालक दुकानात असेतो खोली त्यांची. उडदाचं पीठ उडून जाळीवर बसत होतं. मी त्यांना एकसारख्या तीन जाळ्या शिवून दिल्या, रोज बदलायला. मालकाला शेवटपर्यंत काही कळलं नाही, निदान त्याने तसं दाखवलं नाही.

हे झाले हसण्याचे किस्से. पण लिहायला बसले ते दुसऱ्याच एका घरासाठी.

इतवारीत वैरागडे म्हणून कुटुंब होतं. गाद्या-रजयांचं जुनं दुकान. खाली दुकान, मागे चौकात रुई पिंजायची मशीन, आणि वर राहतं घर. लग्नसराईत मशीन सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालायची. नव्या गाद्या तर बनायच्याच, शिवाय लोक जुन्या गाद्या आणून टाकायचे. त्यातली दबून गठ्ठे झालेली रुई काढून पुन्हा पिंजली जायची. त्यांच्या थोरल्या मुलाचं, सुधाकरचं, त्या हिवाळ्यात लग्न झालं होतं. मुलगी काटोलची, कुंदा. उन्हाळा लागता लागता तिच्या खोलीत नवा एसी बसवला होता आणि महिन्याभरातच तो गार हवा देईनासा झाला.

हे जाऊन आले आणि संध्याकाळी मला म्हणाले, "मी एवढी वर्षं हे काम करतो, पण असं नाही पाहिलं. कॉइलवर घोंगडी विणल्यासारखी रुई बसली आहे. साफ करून आलो, पण पुन्हा बसेल. तू चल एकदा."

दुसऱ्या दिवशी गेले. जिना चढून वर आले तर सुधाकरची आई, सुशीलाबाई, दारातच उभ्या. ठसठशीत कुंकू, हातात सुई-दोरा. गाद्यांच्या खोळी त्या स्वतः शिवायच्या. मला खोलीत घेऊन गेल्या. कुंदा पलंगावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे उचलून बसली होती. श्वास आत घेताना तिच्या गळ्याजवळ खळगा पडत होता. असेल वीस-एकवीस वर्षांची.

"हिला बरं नाही का?" मी विचारलं.

"बरं नाही म्हंजे? लग्न झाल्यापासून हेच चालू आहे," सुशीलाबाई म्हणाल्या. "माहेरी गेली का दोन दिवसात ठणठणीत. इथं आली का दमा. डॉक्टर झाले, अंगारे झाले. कोणी सांगतलं थंड्या खोलीत ठेवा, तं हा एसी घेतला. त्यात आणखीन वाढलं. मले तं आता नाटकच वाटून राहिलं. इथं मन लागत नसन, दुसरं काय?"

कुंदानं मान वर केली नाही. बोलायला तिच्यापाशी श्वासच नव्हता.

"तिच्या बाबाले निरोप धाडला आहे," सुशीलाबाई पुढे म्हणाल्या. "येऊन घेऊन जातील. मग काय ते पाहू." त्या 'मग काय ते पाहू'चा अर्थ खोलीतल्या तिघींनाही कळत होता. अशा गेलेल्या मुली परत येत नसत.

मी माझं काम सुरू केलं. खिडकी चौकाकडे उघडणारी, पण एसीमुळे बंद. दाराला फटी नव्हत्या. मग मी खाली बसून जमिनीवर हात ठेवला. फळ्यांची पाटणी होती, वरून सतरंजी. सतरंजी उचलली तर दोन फळ्यांमधून बोट जाईल एवढ्या चिरा, आणि चिरांमधून खालच्या मशीनची घरघर थेट वर येत होती. उन्हाची एक तिरीप त्या चिरेवर पडली होती. तिच्यात रुईचं बारीक तूस वर तरंगत येताना दिसत होतं, गरम हवेबरोबर, सावकाश.

मी सतरंजी पुन्हा पसरली. माझ्यासमोर प्रश्न जाळीचा होता. एवढ्या तुसाला एक जाळी पुरणार नव्हती. दाट लावली तर तासाभरात गुदमरून जाईल. म्हणून दोन पदर ठरवले. बाहेर सैल विणीची नायलॉनची जाळी, लांब तंतू पकडायला, आणि आत पातळ स्पंज, बारीक धुळीसाठी. दोन दिवसांत ती शिवून लावली.

जाळी लावताना मी नेहमी एक प्रश्न विचारते, धुणार कोण? त्या उत्तरावर निम्मं कापड ठरतं. इथे विचारलं तर कुंदाच म्हणाली, थांबत थांबत, "मी... धुईन."

"पण आठवडाभर धुऊ नका," मी सांगितलं. "खिडकी बंदच ठेवा. मला येऊन पाहायचं आहे किती भरते ते. मग पुढची ठरवीन." ही माझी सगळीकडचीच रीत होती. पहिली भरलेली जाळी पाहिल्याशिवाय त्या घराची धूळ ओळखू येत नाही.

आठवड्यानं गेले तर वर येतानाच जिन्यापाशी बांधलेली पेटी दिसली. कुंदाचे वडील आले होते. काटोलकडचे संत्र्यांचे बागवाले, मारोतराव. धोतर, खांद्यावर उपरणं, पायाशी पिशवी. खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर ते इतके टोकाला बसले होते, जणू उठायचा हुकूम कधीही येईल. सुशीलाबाई दाराला टेकून उभ्या. कुंदा लुगडं नेसून तयार.  मला वाटलं, परत फिरावं. पण सुशीलाबाईच म्हणाल्या, "या, करून घ्या तुमचं. ही तं चाललीच आता."

मी एसी बंद केला, झाकण उघडलं आणि बाहेरची जाळी हळूच काढली. ती जाळी राहिलीच नव्हती. करड्या रंगाची एक जाड घडी माझ्या हातात आली. वर्तमानपत्र पसरून मी ती जमिनीवर ठेवली. जाळीवरून रुईचा पापुद्रा सोलून निघाला, अख्खा, चौकोनी, रजईतून काढल्यासारखा.

मारोतरावांनी विचारलं, "हे काय व्हय, बाई?"

"हवेतलं तूस आहे," मी म्हणाले.

"बाहेरून आलं?"

"नाही. या मशीनला लोक समजतात तसं ती बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढते, गार करते, पुन्हा खोलीत सोडते. दिवसभर तीच हवा फिरते. जाळीवर जे बसलं ते याच खोलीतलं. एका आठवड्याचं."

एवढंच मी सांगितलं. त्यापुढे सांगायची मला हिंमतही नव्हती आणि हक्कही नव्हता. मी जाळी शिवणारी बाई, त्यांच्या घरात सून ठेवा की पाठवा हे सांगणारी मी कोण?

सुशीलाबाई पुढे आल्या. वर्तमानपत्रापाशी बसल्या. त्यांनी त्या पापुद्र्याचं टोक चिमटीत धरून ओढलं, दोन्ही हातांच्या बोटांनी तंतू ताणून पाहिले, तुटले तसे उजेडात धरले. तीस वर्षं रुईत हात घातलेली बाई ती. रुईला हात लावून ती कुठल्या मालाची हे त्यांना कळायचं. मग त्यांनी ते नाकाशी नेलं.

"ही नवी रुई नाही," त्या म्हणाल्या. "नवी एवढी आखूड तुटत नाही. हे जुन्या गाद्यांचं व्हय. लोकाइच्या जुन्या गाद्यांचं." तो तुकडा खाली ठेवत म्हणाल्या, "आजारी माणसं झोपलेली असतात त्याच्यावर. मेलेली बी."

 खालची मशीन चालूच होती.

"मले वाटलं, ही श्वास घेत नाही," त्या म्हणाल्या, कोणाला उद्देशून ते कळलं नाही. "ही तं हे घेऊन राहिली."

आणि त्यांना खोकला आला. मी आधीही ऐकला होता त्यांचा खोकला. दोन्ही वेळा आले तेव्हा त्या बोलता बोलता मधेच खोकायच्या आणि पदरानं तोंड पुसून पुढे बोलायच्या. मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. आता त्या बराच वेळ खोकत राहिल्या. कुंदा उठली, तांब्यातलं पाणी भांड्यात ओतून सासूच्या हातात दिलं. सुशीलाबाईंनी पाणी प्यायलं, भांडं हातातच राहिलं.

"माझी सासू अशीच खोकून खोकून गेली," त्या म्हणाल्या. "आम्ही म्हणत होतो, म्हातारपणचा खोकला आहे. म्हातारी कुठं होती वं ती? पन्नाशीची बी नव्हती."

तेवढ्यात सुधाकर वर आला, पेटी उचलायला. केसांत, भुवयांवर, सदऱ्यावर सगळीकडे रुई. तो उंबऱ्यातून आत पाय टाकणार तोच सुशीलाबाई ओरडल्या, "तिथंच थांब! बाहेर जाऊन झटकून ये सारं. रोज असाच येतो का गा या खोलीत?" बिचारा गोंधळून उभा राहिला. आई काहून रागावली हे त्याला कळेना. पण बाहेर जाऊन सदरा झटकू लागला.

मग सुशीलाबाई मारोतरावांकडे वळल्या. व्याह्याशी तोंड वर करून बोलायची त्यांची पद्धत नव्हती. पदर सावरून, जमिनीकडे पाहत बोलल्या. "पोरीले घेऊन जा. इथं तिले ठेवता येत नाही, ते दिसूनच राहिलं. पण कायमची सोडवून नेऊ नका. तिची पेटी राहू द्या इथं. नुसत्या दोन लुगड्यांनिशी न्या. मी बोलावीन तिले."

मारोतराव पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकले. "बोलावाल ना, बाई?" एवढंच विचारलं.

"पेटी राहून राहिली ना," सुशीलाबाई म्हणाल्या.

मी माझ्या जाळ्या पिशवीत भरल्या आणि निघाले. तो रुईचा पापुद्रा सुशीलाबाईंनी मला नेऊ दिला नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी तो खाली नवऱ्याला दाखवायला नेला.

पुढचं मला कुंदानंच नंतर सांगितलं. सासऱ्यांनी पापुद्रा पाहिला आणि म्हणाले, आपला धंदाच रुईचा, त्यात रुई उडणार नाही तर काय केशर उडणार? सुनेसाठी कोणी मशीन हलवतं का? सुशीलाबाई भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून खोळी शिवायला खाली उतरल्या नाहीत, एवढंच. लग्नसराई ऐन भरात, गिऱ्हाइकं खोळींसाठी खोळंबलेली. विचारलं की म्हणायच्या, "मले खोकला आहे. खाली रुई उडते." उन्हाळा गेला, पावसाळा गेला. इतवारीत लोक बोलायला लागले की वैरागड्यांनी सून सोडली म्हणून. शेवटी दसऱ्याच्या सुमाराला मशीन हलली. बेसा तेव्हा शहराबाहेरचं गाव होतं, चहूकडे शेतं. तिथे रस्त्याला लागून पत्र्याची शेड टाकली आणि पिंजायचं काम तिकडे गेलं. इतवारीत फक्त दुकान राहिलं. पाटणीच्या चिरा लाकडी पट्ट्या ठोकून बुजवल्या. दिवाळीला सुशीलाबाई स्वतः काटोलच्या बसमध्ये बसून कुंदाला आणायला गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मला बोलावणं आलं. कुंदानं दार उघडलं. चालून आली, हसली, आणि मला एका दमात म्हणाली, "या ना ताई, ती दोन पदरांची जाळी आता लई जाड होते, मशीन जोरानं हवा फेकत नाही, पातळ काही लावून द्याल का?" एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. घरोघरी लोक मला आणखी दाट, आणखी दाट म्हणून बोलावत. फिल्टर पातळ करायला बोलावलेलं माझ्या आयुष्यातलं ते एकच घर. साधी एकपदरी जाळी लावली आणि दिवसभर उगाच खुशीत होते. यांनाही त्या दिवशी दुपारी पुरणपोळी केली, सण नसताना.

पण सगळंच काही गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. रुई बेशाला गेली, उडायची थांबली नाही. तिथे मशीनवर रहीमचाचा म्हणून पिंजारी होते, त्यांच्यासोबत आणखी दोघं. सुशीलाबाईंच्या सांगण्यावरून मी त्या तिघांसाठी तोंडावर बांधायला मलमलच्या पट्ट्या शिवल्या, चांगल्या दुहेरी, कानामागे नाड्यांच्या. काही दिवसांनी आम्ही दोघं त्या बाजूनं गेलो तर पट्ट्या खिळ्याला टांगलेल्या. रहीमचाचा ओशाळून म्हणाले, "बाईजी, आपने मेहनत से बनाई, मगर इसमें दम घुटता है. पत्रे के नीचे गरमी भी तो देखो." मी एकपदरी करून दिल्या. त्याही टांगल्या गेल्या. एसीच्या जाळीची मधली जागा मला सापडायची. माणसाच्या तोंडावरच्या जाळीची मला कधीच सापडली नाही. आजही कधी बेशावरून जायचा योग आला, आता तिथे उंच उंच इमारती झाल्या आहेत, तर मला ती पत्र्याची शेड कुठे असेल याचाच विचार येतो.

आणि सुशीलाबाई. त्यांच्या छातीत जे तीस वर्षं साठलं होतं ते मशीन हलवून निघणार नव्हतं. खोकला वाढत गेला. पाच-सहा वर्षांनी डॉक्टरांनी त्यांना जिने चढू-उतरू नका, धुळीत बसू नका, असं सांगितलं तेव्हा कुंदानं स्वतःची एसीची खोली त्यांना दिली आणि आपण लहान लेकीला घेऊन बाहेरच्या खोलीत कूलरपुढे झोपू लागली. सुशीलाबाई नको नको म्हणत होत्या. कुंदानं ऐकलं नाही. त्या खोलीत त्यांनी एकच उन्हाळा काढला. पुढच्या थंडीत त्या गेल्या.

त्या उन्हाळ्यात मी एकदा सकाळी त्यांच्याकडे गेले होते. कामासाठी नव्हे, सहज भेटायला. सुशीलाबाईंचा पलंग दारापाशी सरकवला होता, म्हणजे त्यांना समोरची गच्ची दिसावी. फार खंगल्या होत्या. गच्चीत नळापाशी कुंदा बसली होती आणि जाळी धूत होती. रोज सकाळी धुवायची. कोणी सांगितलं नव्हतं.

सुशीलाबाईंनी उशीवरून मान वळवली आणि विचारलं, "आज किती निघालं वं, कुंदा?"

कुंदानं जाळी उन्हात धरून आम्हाला दाखवली. तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

"काहीच नाही, आई. साफ आहे."

सुशीलाबाईंनी ती जाळी नीट पाहिली. मग म्हणाल्या, "मग माह्या छातीतलं काहून नाही निघत?"

   कुंदा म्हणाली, "निघन, आई. हळूहळू निघन." आणि ती स्वच्छ जाळी तिनं पुन्हा नळाखाली धरली, आणि सासूला दिसेल अशी, दोन्ही बाजूंनी, चोळून चोळून धूत राहिली.